घरातला समुद्र

तळेगाव ढमढेऱ्याहून वजीरचा टेम्पो दर पंधरवड्याला कांदा घेऊन कोकणात उतरायचा आणि सुकट घेऊन वर यायचा. निघायच्या आधी तो बायकोकडून चिठ्ठी लिहून घ्यायचा. पांढरी वाळू, बारीक शिंपले, वाळकं शेवाळ, जुन्या जाळ्याचा तुकडा. त्यातलं एकही तो कधी विसरायचा नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं अख्खी आळी म्हणायची. आळीचं काय जातंय म्हणायला!

आसमीन हर्णैकडची. लग्नाला सात वर्षं झाली, त्यात माहेरी गेली एकदाच, बापाच्या मयताला. त्यानंतर कधी सासूचे, जन्नतबींचे, गुडघे धरले, कधी कांद्याचा हंगाम आला. नाही असं वजीर कधीच म्हणाला नाही. पुढच्या वर्षी, एवढंच म्हणायचा.

पहिल्या वर्षी ती रडली. मग तिनं चित्रं करायला घेतली. मधाच्या पोळ्याचं मेण राळ घालून चुलीवर पातळ करायचं, त्यात रंग कालवायचा, गरम असतानाच फळीवर ओढायचं. त्यात शिंपले, शेवाळ, लग्नपत्रिकांचे कपटे बसवायचे आणि वरून कोळशाची इस्त्री अधांतरी फिरवायची, म्हणजे थरात थर मुरतो. इस्त्री टेकली की चित्र गेलं.

घरी पाहुणा आला की वजीर आधी चित्रं दाखवायचा. बायकोला दर्याची आठवण येते म्हणून दर्याच घरी आणून दिलाय, असं सांगताना त्याचा ऊर भरून यायचा. आसमीनला हे उशिरा उमगलं. समुद्र जितका हुबेहूब जमायचा, तितकं तिचं जाणं लांबायचं. आपल्या दाराला आपणच कडी घालतोय, हे कळूनही तिचे हात थांबेनात, याचाच तिला राग यायचा.

दोन हजार तीन साली शाळेतल्या चित्रकलेच्या सारिकाबाईंनी तिच्या मोठ्या चित्राचा फोटो हर्णैजवळच्या दापोलीच्या एका प्रदर्शनाला धाडला. चित्र निवडलं गेलं. पत्रात लिहिलं होतं, कलाकारानं हजर राहावं. आसमीननं त्याच दिवशी पिशवी भरली आणि अम्मीला फोनवर येते म्हणून कळवून टाकलं.

निघायच्या दिवशी वजीर पेचात पडला. मागं कांद्याच्या उबेत फळी ठेवावी तर मेण मऊ पडणार. केबिनमध्ये त्याच्याशेजारी जागा एकच. त्यानं फार विचार केला आणि फळी सीटवर उभी केली. दणके बसू नयेत म्हणून आसमीनचीच ओढणी मागून घेतली आणि घट्ट बांधली. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. टेम्पो गेला.

चौथ्या दिवशी तो चित्र, प्रमाणपत्र आणि शिंपल्यांचा पुडा घेऊन परतला. तुझी अम्मी एसटीनं आली होती, म्हणाला. दुपारभर चित्रासमोर बसून होती. चित्राच्या कोपऱ्यातल्या हर्णैच्या धक्क्याच्या पायऱ्या तिनं बोटानं मोजल्या.

"ती का न्हाई आली, म्हनून इचारत व्हती," वजीर म्हणाला. "मी म्हनलं, तिला आता काय कमी न्हाई. दर्या घरातच हाय तिच्या."

अम्मी जेवली का, एवढंच आसमीननं विचारलं. ते वजीरला माहीत नव्हतं.

मग त्यानं नेहमीसारखा कागद पुढं केला. पुढच्या खेपेला काय आणू? आसमीननं कागद घेतला. त्यावर तिनं एकच शब्द लिहिला, स्वतःचं नाव.

वजीरनं वाचलं आणि तो मनापासून हसला.

"हे आनायला तिकडं कशाला जायाला पाहिजे? हे तर हितंच हाय की."

कपड्यांसाठी इस्त्री तापलेलीच होती. आसमीननं ती उचलली, चित्रातल्या धक्क्याच्या पायऱ्यांवर टेकवली आणि दाबून धरली. निळं मेण फळीवरून ओघळत जमिनीवर आलं. वजीर हसायचा थांबला.

"आता दर्या न्हाई घरात," ती म्हणाली.