मधल्या दाराची कडी

फळ्यावर सरांनी लिहिलं: एक देश भीतीपोटी भिंत बांधतो. शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटते. तोही बांधतो. मग दोघेही आधीपेक्षा जास्त घाबरतात.

वीस वर्षं हेच शिकवत होते. आज खडू मोडला.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मग आधी माघार कुणी घ्यायची?"

"ज्याला परवडेल त्यानं."

"परवडतंय हे त्याला कळणार कसं?"

घंटा झाली. वाचले.

घरी. शेजारशेजारचे दोन फ्लॅट, मध्ये दार. अलीकडे सर आणि त्यांची बायको. पलीकडे धाकटा भाऊ, त्याचा कुत्रा, आणि आई. आई रोज संध्याकाळी त्या दारातून यायची, सरांच्या खुर्चीत बसायची, सरांनाच उठवायची.

कुत्र्यानं बारा उत्तरपत्रिका फाडल्या. सरांनी कडी बसवली. कुत्र्यासाठी, फक्त कुत्र्यासाठी! हे धाकट्याला सांगायचं राहिलं. त्यानं ड्रिलचा आवाज तेवढा ऐकला. त्यानंही कडी बसवली. सरांनी कुलूप घातलं. पलीकडून दाराला कपाट लागलं.

जिने वेगळे. बाहेरून यायचं तर तीन मजले उतरा, तीन चढा. आईचे गुडघे ते मानेनात. अकरा दिवस खुर्ची रिकामी.

"जगाला तह शिकवता," बायको म्हणाली, "आणि सख्ख्या भावाशी बोलायला दातखीळ बसते?"

"त्यानं आधी कपाट हलवावं."

"तो म्हणतो, दादानं आधी कडी काढावी. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!"

सर बसले. उठले. पुन्हा बसले. मग कुलूप काढलं, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कडीच उखडली.

काही घडेना.

घडणार कसं? कडी अलीकडच्या बाजूला. पलीकडे कुणाला दिसणार? इतकी साधी गोष्ट, आणि हे म्हणे प्राध्यापक! सर वाकले. चारही स्क्रू एकेक करून दाराखालच्या फटीतून पलीकडे सरकवले.

पलीकडून कुत्र्याचं हुंगणं. मग आईचा आवाज: "अरे मेल्या, बघत काय बसलास? दादाची कडी आली बघ हप्त्याहप्त्यानं!"

कपाट करकरलं. इकडे सरकतंय की तिकडे? कळेना. सरांनी दाराला कान लावला.

पलीकडची कडी वाजली. दार वीतभर उघडलं आणि आधी कुत्रा घुसला, थेट टेबलावरच्या गठ्ठ्याकडे. मागून आईची काठी.

सरांचा हात झटकन कडीकडे गेला. तिथं चार भोकं होती.