टिल्मन-दहाचा तळ

डिसेंबरातल्या एका सकाळी मृण्मयीने तुंगाच्या म्हैसूरमधल्या सरस्वतीपुरमच्या घरी पुढच्या खोलीतल्या फरशीवर दहा बूट ओळीने मांडले. सगळे उजव्या पायाचे, सगळे एकाच माणसाच्या नावाचे. जेरोम टिल्मन हा अमेरिकेतला बास्केटबॉलपटू. दोघी मैत्रिणी चौदा वर्षांच्या असल्यापासून त्याच्या नावाचा एकेक बूट बाजारात येत होता. दहावा अजून यायचा होता. तो मृण्मयीने केला होता.

"एन गं, काय हे, प्रदर्शनच मांडलंस की!" तुंगाचे वडील शंभूराव चष्मा पुसत खुर्ची ओढून बसले.

"काका, हा पहिला बघा. नुसतं चामडं, घोट्याच्या वरपर्यंत. वीट उचलावी तसा जड. तिसऱ्याला हा पट्टा आला. पाचव्यात आम्ही, म्हणजे कंपनीने, घोटा उघडाच टाकला. सगळे म्हणाले, पाय मुरगळणार. पण त्या वर्षी तो जिंकला, आणि मग सगळ्यांचेच बूट आखूड झाले. हा सातवा, टाचेची शीर तुटल्यानंतरचा. म्हणून टाच एवढी रुंद. आठव्यानंतर त्याने खेळणं सोडलं, पण बूट चालू राहिले. आणि हा दहावा, पहिल्यांदाच बाईच्या पायाच्या साच्यावर. इतकी वर्षं पुरुषांचाच बूट लहान करून बायकांना विकत होते."

तुंगाला हे सगळं पाठ होतं. कुठल्या बुटाला कुठे शिलाई, कुठला रंग कुठल्या मोसमातला, ती झोपेतही सांगू शकली असती. तिच्या कानात अडकला तो एकच शब्द. 'आम्ही'.

मृण्मयी नाशिकहून वडिलांच्या नोकरीमुळे म्हैसूरला आली तेव्हा तिला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. तुंगाने तिला कन्नड शिकवलं, आणि जमिनीकडे न बघता टप्पे देत बॉल कसा न्यायचा तेही. तुंगा शाळेची कॅप्टन होती, पुढे राज्याच्या संघातही गेली. मृण्मयी बाकावर बसून वहीत बूट काढायची. तिच्या अमेरिकेतल्या मामाने तिला टिल्मन-तीन पाठवले, तेव्हा अख्ख्या म्हैसुरात तसा जोड दुसऱ्या कोणाकडे नसावा. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला मृण्मयीने ते तुंगाला घालायला दिले. एक नंबर लहान होते. तुंगाने त्यात बावीस गुण केले आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी करून घेतली.

त्यानंतर मृण्मयी डिझाइन शिकायला गेली, तिथून परदेशी, टिल्मनचे बूट करणाऱ्या कंपनीत. तुंगाने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मुलींच्या शाळेत लागली. तिच्यावर काही संकट कोसळलं नव्हतं, कोणी अन्याय केला नव्हता. राज्याच्या संघापर्यंतच तिची मजल होती, एवढंच. चौतिसाव्या वर्षी हे मान्य करायला ती हळूहळू शिकत होती, आणि नेमकी त्याच वेळी बाकावरची मुलगी दहा बूट घेऊन तिच्या घरी आली होती.

"तुंगे, एक काम आहे," मृण्मयी म्हणाली. "दहाव्याचे आठ जोड आणलेत. तुझ्या मुलींना आठ आठवडे खेळायला दे. दर शनिवारी एक फॉर्म भरून पाठवायचा. आमच्याकडे सगळी लाकडी कोर्टं. सिमेंटवर रोज खेळणाऱ्या मुली मला कुठे मिळणार? आणि तुझी नजर?"

"इरली, असू दे, ठेवून जा. बघते," तुंगा म्हणाली.

मृण्मयी गेल्यावर शंभूराव कौतुकाने म्हणाले, "बाकावर बसायची पोर. बघ कुठं पोचली, अल्वा, खरं की नाही?"

तुंगा कपबशा उचलून आत गेली. नळ सोडून ती बराच वेळ एकच बशी धूत राहिली.

सराव सुरू झाला. तिसऱ्या दिवशीच तिला दोष दिसला. बूट हलका होता, पायात सुरेख बसत होता, मुली उड्या मारून खूश होत होत्या. पण तळाच्या बारीक खाचांत सिमेंटवरची धूळ भरली की पळता पळता थांबणारा पाय वीतभर पुढे सरकायचा. लाकडावर हे कधीच कळलं नसतं. तुंगाने स्वतः जोड घालून पाहिला. चार वेळा थांबली, चारही वेळा घसरली.

त्या शनिवारी तिने फॉर्म उघडला. 'पकड' या शब्दासमोर पाच चौकोन होते. तिला वर्तमानपत्रातला मृण्मयीचा फोटो दिसला, जो अजून छापूनही आला नव्हता. मग दुकानात परत आलेले, घसरणारे, नावं ठेवली गेलेले बूट दिसले. तिने पाचव्या चौकोनावर खूण केली. खाली लिहिलं, 'उत्तम'.

पाठवल्यावर तिला हलकं वाटलं. हेच तिला पुढे सगळ्यात जास्त बोचलं.

मुलींसाठी मात्र तिने कोर्टाच्या कडेला ओलं गोणपाट टाकलं. "दर पाच मिनिटांनी बुटांचे तळवे पुसून यायचं," असा नियम केला. "याक मिस?" असं पूजिताने विचारलं, म्हणजे का म्हणून. तुंगा म्हणाली, "सुम्ने, उगाच. नवे बूट आहेत." पूजिता तेरा वर्षांची, संघातली सगळ्यात चपळ मुलगी. तिला कारण दिलं नाही तरी ती ऐकायची.

पाच शनिवार गेले. पाच फॉर्म गेले. दर वेळी मृण्मयीचं उत्तर यायचं, 'तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.' पुढच्या शनिवारी तुंगा पुन्हा 'उत्तम'च लिहायची.

सहाव्या आठवड्यात कृष्णराजनगरला सामना होता. तिथल्या शाळेचं कोर्ट रस्त्याला लागून, आणि रस्त्यावर नुकतंच भात झोडपून झालेलं. सगळीकडे कोंड्याची धूळ. गोणपाट तुंगाच्या स्कूटरच्या डिकीत, म्हैसुरातच राहिलं होतं. बसमधून उतरताना तिला ते आठवलं. मुलींना जुने बूट घालायला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण जुने बूट कोणी आणले नव्हते, आणि सामना रद्द करायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या सत्रात पूजिता बॉल घेऊन उजवीकडून आत घुसली. समोर उंच मुलगी आली म्हणून ती एकदम थांबली. पाय थांबले नाहीत. ती डाव्या हातावर पडली, आणि तो आवाज तुंगाला कोर्टाच्या कडेला उभी असूनही ऐकू आला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत पूजिता रडली नाही. एकदाच म्हणाली, "मिस, मी आज तळवे पुसले नाहीत. माझीच चूक."



संध्याकाळी तिने मृण्मयीला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"अगं, बोल! फॉर्म आज लवकर?"

"बूट घसरतो," तुंगा म्हणाली. "धुळीत थांबत नाही. आज एका मुलीचा हात मोडला."

"आज? पण इतके दिवस..."

"पहिल्या आठवड्यापासून घसरतोय. मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. मी खोटं लिहिलं."

 मृण्मयीने हळू विचारलं, "आणि मुली इतके दिवस खेळल्या कशा?"

"ओलं गोणपाट ठेवलं होतं. तळवे पुसायला."

"म्हणजे मुलींना सांभाळलंस. मला नाही."

"मुलींना तरी कुठे सांभाळलं?"

"का केलंस, तुंगे? मी काय केलं होतं तुझं?"

"काही नाही. तू काहीच केलं नाहीस. मला बघवलं नाही तुझं. तो बूट माझा असायला हवा होता असं वाटत राहिलं. मला धड पेन्सिल धरता येत नाही, तरी वाटत राहिलं."

मृण्मयी म्हणाली, "खरी टिपणं पाठव. सगळी. आज." आणि फोन ठेवला.

तुंगाने त्याच संध्याकाळी अकरा पानं लिहिली. कुठली खाच भरते, किती पावलांनंतर, किती वजनाची मुलगी किती सरकते. मनाशी तिने सगळं नोंदून ठेवलं होतं. इतकं नीट काम तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पूजिताच्या आईकडे गेली. विद्याश्री चामराजपुरमला एका पतपेढीत काम करायची. तिने दारातच सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "हात बरा झाला की ती खेळेल," ती कन्नडमध्ये म्हणाली, "पण तुमच्याकडे नाही." तुंगाने मान हलवली. मुख्याध्यापिकांनाही तिने सांगितलं. त्यांनी संघ वर्षभरासाठी तिच्याकडून काढून घेतला, आणि ती लहान वर्गांची कवायत घेऊ लागली.

मृण्मयीने वरिष्ठांना सांगून बूट बाजारात आणणं सात महिने पुढे ढकललं. तळ बदलला. तुंगाला तिने त्यातलं काही कळवलं नाही. वाढदिवसाला नेहमी फोन यायचा, त्या वर्षी दोन शब्दांचा निरोप आला.

पुढच्या वर्षी संघ परत तुंगाकडे आला. पूजिता चामराजपुरमच्या क्लबकडून खेळत होती आणि फार चांगली खेळत होती. तिच्या नव्या प्रशिक्षिकेला ती हसून टाळी देताना पाहिलं की तुंगाचा जीव पुन्हा जळायचा. आपण असेच आहोत, हे तिला आता ठाऊक होतं. ती सामना संपेपर्यंत बसायची, तोंड बंद ठेवून.

ऑगस्टमध्ये एका दुपारी शंभूराव पेपर घेऊन तिच्या खोलीत आले. "अगं, मृण्मयीचा फोटो आलाय! तो बूट निघाला बघ. वाचून दाखवू?"

छातीत तीच जुनी कळ उठली, जराही कमी न होता.

"नको आप्पा, द्या इकडे," तुंगा म्हणाली. "मीच वाचते."

तिने सगळा मजकूर वाचला, फोटोखालची ओळसुद्धा. मग पेपर घडी करून वडिलांना परत दिला आणि चपला पायात सरकवल्या. चार वाजत आले होते, मुली कोर्टावर जमल्या असणार.