खाणावळीतली मतदानाची घंटा

मी मतदानाची घंटा बोलतेय. लंडनमध्ये पार्लमेंटमागच्या गल्लीत मिसेस पेनरोजची खाणावळ आहे. तिथे भटारखान्याच्या दारावर मी असते. सभागृहात मतदान लागलं की तारेतून मला झटका बसतो आणि मी वाजते. बाजूने असेल तर एका दालनात, विरोधात असेल तर दुसऱ्या, आठ मिनिटांत खासदारांनी शिरायचं, तेच त्यांचं मत; मग दारं बंद. चर्चा मला ऐकू येत नाही. माझ्यामुळेच त्यांनाही ती ऐकावी लागत नाही, असं हल्ली वाटतं. कदाचित चुकतही असेन.

एफुआ इथे वाढायला होती. घानाची. दिवसा कॉलेज, संध्याकाळी खाणावळ. मागच्या वर्षी तिचा व्हिसा नाकारला, कारण दुसऱ्याच एका एफुआची कॉलेजातली गैरहजेरी तिच्या नावावर पडली होती.

"आमच्याकडे शुक्रवारी जन्मली की एफुआ," ती हसायची. "तुमच्या व्हिसा ऑफिसला वाटलं, सगळ्या मिळून मी एकटीच!"

अपील करता आलं म्हणून ती वाचली. यंदा तिचा व्हिसा पुन्हा तपासणीला गेला, आणि त्याच सुमारास परदेशी विद्यार्थ्यांचा अपिलाचा हक्क काढून घेणारं सरकारी विधेयक आलं.

खासदार हॅवरगल रोजचं गिऱ्हाईक. "घाबरू नकोस गं, मी विरोधात बोलणार आहे. आधी ते सफरचंदाचं पुडिंग आण."

"साहेब, चर्चा सुरू झालीय ना?"

"ती रेंगाळते गं."

चमचा तोंडाशी गेला आणि मी वाजले. हळू वाजणं मला जमत नाही.

"झाकून ठेव हं!" म्हणत साहेब कोट चढवत पळाले.

परतले तेव्हा एफुआने पुडिंग गरम करून पुढे ठेवलं. "काय झालं, साहेब?"

"केवढी गर्दी! दारात पक्षाचा माणूस हात करतो, इकडून चला. सगळे शिरले, मीही शिरलो."

"कुठल्या बाजूला?"

चमचा थांबला. "सरकारच्या. पण माझ्या एका मताने काय झालं असतं गं?"

"मग पळालात कशाला एवढे?" गल्ल्यामागून मिसेस पेनरोज म्हणाल्या.

साहेबांनी मान खाली घालून पुडिंग संपवलं.

कायदा झाला. मग एफुआचा निकाल आला. नकार. कारण तेच, त्या दुसऱ्या एफुआची गैरहजेरी. या वेळी सांगायचं कुणाला?

ती घानाला परत गेली. तिचा एप्रन माझ्याखाली खिळ्याला तसाच आहे. मी वाजले की तो थरथरतो.

काल वाजले, तेव्हा साहेब नव्या मुलीला म्हणाले, "झाकून ठेव हं!"

साहेब, धावत जा, माझी ना नाही. पण दारातला तो हात दिसण्याआधी, इथून निघताना, एकदा या खिळ्याकडे बघून जा.