छापखान्याने न छापलेल्या दोन ओळी

तुर्भ्यात शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर करणारी एक छोटी कंपनी आहे. तिथे कोड माणसं कमी लिहितात, एक प्रोग्राम जास्त लिहितो. गिऱ्हाइकाच्या खोल्या किती, कुठे किती थंडावा हवा, एवढं फॉर्ममध्ये भरायचं आणि बटण दाबायचं, की टेम्प्लेटवरून, म्हणजे ठरलेल्या साच्यावरून, सगळा कोड तयार. ऑफिसात त्याला छापखाना म्हणतात. छापून आलेल्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर सक्त सूचना असते, हाताने बदल करू नये. सूचना वैजयंती मॅडमची आणि छापखानाही त्यांचाच, अकरा वर्षांपूर्वीचा.

त्या गुरुवारी छापलेल्या कोडमध्ये अलार्मच वाजेना. चाचणीत खोली कितीही तापवा, स्क्रीन ढिम्म. टेम्प्लेटला शेवटचा हात नव्या हादियाचा लागलेला. तिने खोलीच्या मजल्याचा एक रकाना वाढवला होता. तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन दुसऱ्याच दिवशी संपत होतं.

"उद्या पाचला तुझ्या कन्फर्मेशन लेटरचं ठरवायचंय," तिचे बॉस निखिल सर म्हणाले. "त्याआधी सांग, काय तोडलंस ते."

हादिया लगेच कामाला लागली. तिने रकाना काढून टाकला, अलार्म मुका. दिवाळीतली टेम्प्लेट आणली, तरी मुका. गेल्या वर्षीचीही आणून पाहिली. जी गोष्ट तेव्हा चालत होती ती आता का चालू नये, हे काही केल्या कळेना. विचारणार कुणाला? वैजयंती मॅडम घणसोलीला घरी होत्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. अकरा वर्षांतली त्यांची पहिली मोठी रजा.

शुक्रवारी दुपारी तिला सुचलं, की निदान चालणारा कोड तरी डोळ्यांखालून घालावा. पण छापलेला कोड ऑफिसात कुणी जपून ठेवतच नव्हतं. केव्हाही छापता येतो तो कशाला ठेवायचा? मग एका गिऱ्हाइकाकडून तिने मागच्या महिन्याची फाइल मागवली आणि आपल्या फाइलशेजारी लावली. गिऱ्हाइकाकडे दोन ओळी जास्त होत्या. अलार्म वाजवणाऱ्या त्याच दोन. जुनी-नवी एकही टेम्प्लेट अशी नव्हती, जिच्यात त्या सापडाव्यात.

पावणेपाचला तिने फोन लावला.

"मॅडम, त्या अलार्मच्या दोन ओळी..."



"त्या मी घालते," मॅडम म्हणाल्या. "छापून झालं की हाताने."

"दर वेळी?"

"पहिल्या डेमोला अर्धा तास उरला होता गं. टेम्प्लेटमधे शिरायला टाइम नव्हता, हाताने टाकल्या. मग सगळे बोलायला लागले, टूल एकदम पक्कं हाय. मग सांगायची लाज वाटली." मग घाईघाईने, "माझं नाव नको घेऊस. टेम्प्लेटमधे टाकून दे गुपचूप."

हादियाला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली. या कामातलं जे काही तिला येत होतं, ते त्यांनीच शिकवलं होतं.

"मॅडम, पाचला माझं लेटर आहे. सगळे म्हणतात मी तोडलं."



"निखिलला दे फोन."

निखिल सरांनी उभ्या उभ्याच ऐकलं. दोनदा "बरं" म्हणाले, फोन तिच्या हातात दिला, टेबलावरच्या लेटरवर सही केली आणि केबिनकडे वळले. सॉरी वगैरे काही नाही.

फोन अजून चालू होता.

"झाली सही?"

"झाली, मॅडम."

"बरं झालं." मग थोडं थांबून, "गिऱ्हाइकाला कोड पाठवायच्या आधी निखिल माझ्या टेबलाशी येतो ना, मॅडम झालं का म्हणून. मी हो बोलल्याशिवाय काय पन जात नाय. आता मला कोन विचारील गं?"

 हादियाने टेम्प्लेट उघडली आणि दोन ओळी जागेवर घातल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.