एका डोळ्याचा माणूस

पाऊस ओसरताच हाब्ते ताना सरोवरातल्या बेटावर गेला, तो पेरणीच्या आधी परत येतो असे सांगून. तिथल्या मठाला देवमातेची पोथी रंगवून हवी होती. पेरण्या झाल्या, कापण्या झाल्या, पुन्हा पेरण्या झाल्या. मग निरोप आला, की हाब्तेने संन्याशाची टोपी घातली. त्यानंतर अवाक्षर नाही.

त्याच्या बायकोला, त्सिगेला, बेटावर जायची सोय नव्हती. तिथे बाईमाणसाचे सोडा, कोंबडीचेही पाऊल पडू देत नाहीत. आरवायला कोंबडे तेवढे पाळतात. किनाऱ्यावरून बेट मात्र रोज स्वच्छ दिसायचे. दिसले नसते तर बरे झाले असते.

तिचा भाऊ गेब्रू आता हात धुऊन मागे लागला होता. मध विकणाऱ्या एका विधुराने तिला मागणी घातली होती, त्या मधवाल्याला आज होकार कळवायचा होता.

"जन्मभर गोड खाशील, आणखी काय हवं?"

"आधी आज बेटावरून येणारी त्याची पोथी बघू दे, दादा. त्यात माझी आठवण दिसली नाही, तर तू म्हणशील तिथे जाईन."

"पोथीत देवमाता असते. तू कोण लागून गेलीस?"

सणासाठी पोथी लव्हाळ्याच्या होडीतून आली, रेशमी छत्रीखालून देवळात गेली. गर्दी पांगल्यावर म्हाताऱ्या धर्मगुरूंनी, अब्बा झेनांनी, त्सिगेसाठी ती उघडली. तिचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

चित्र पानभर होते. मधोमध बाळाला घेतलेली देवमाता. डावीकडे भाविक, सगळे समोर तोंड केलेले, टपोऱ्या दोन-दोन डोळ्यांचे. उजवीकडे दोन सैतान, बाजूने काढलेले, एकेकच डोळा असलेले. हे तर पोरासोरांनाही ठाऊक असते: दोन डोळे देवाच्या माणसाला, एक डोळा पाप्याला.

सैतानांच्या शेजारी एक माणूसही होता. एकच डोळा आणि फाटका कान.

त्सिगेने कान ओळखला. तो कान लहानपणी कुत्र्याने फाडला होता, हाब्तेचा.

"स्वतःला पाप्यांत बसवलंय त्यानं," अब्बा हळूच म्हणाले. "पाठ बघ कुणाकडे केलीय. प्रत्यक्ष देवमातेकडे! रंगवताना हात कसा झडला नाही!"

"पण अब्बा, तोंड कुणाकडे केलंय?"

अब्बांनी हे पाहिलेच नव्हते. त्सिगेने बोट न टेकवता त्याच्या नजरेची रेघ धरली. रेघ चौकटीच्या वेलीतून खाली कोपऱ्यात उतरली. तिथे नखाएवढी एक बाई तव्यावर इंजेराच्या भाकरीचे पातळ पीठ ओतत होती, डाव्या हाताने. डाव्या हाताने ओतणारी पंचक्रोशीत एकच होती. सासूने त्यावरून उभा जन्म टोमणे मारले होते.

"समोर तोंड असलेला माणूस पान उघडणाऱ्याकडेच बघतो," त्सिगे म्हणाली. "चित्रातल्या कुणाकडे बघायचं तर मान वळवावी लागते. मग डोळा एकच उरतो. त्यानं तो पत्करला, अब्बा."

अब्बांनी डोळे पानाजवळ नेले. मग नाक ओढून म्हणाले, "तुला मात्र दोन डोळे दिलेत हो. पुण्यवान केलंय."

ते खरे होते. कोपऱ्यातली बाई सरळ समोर बघत होती. तो तिच्याकडे बघतो आहे हे तिला कळणार नव्हते, पोथी असेतोवर कधीच नाही. त्सिगेला रडू फुटले. तिला पुण्य नको होते, तिला तो हवा होता.

ती बाहेर आली आणि थेट पाण्याकाठी जाऊन उभी राहिली. गेब्रू शोधत आला, तिच्या बाजूला थांबला.

"मधवाल्याला काय सांगू?"

"नाही म्हणून सांग."

"आणि पुन्हा त्या बेटाकडे तोंड! नवरा देवाला दिलेला, त्याच्यावर डोळा ठेवणं पाप आहे, बये. उद्या कुणी तुला एका डोळ्याची रंगवेल."

त्सिगेने मान वळवली नाही.

"रंगवू दे," ती म्हणाली.