बेबी ऑफ शीतल

“शुक्रवारी साफसफाई नको करूस गं, माझं थोडं आवरायचं राहिलंय,” जयाताई फोनवर म्हणाल्या होत्या. मी “हो हो” म्हटलं आणि रडणाऱ्या सईला दुसऱ्या कडेवर घेतलं.

जयाताई मालाडच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट बघतात. तिथला सर्व्हर मी घरून सांभाळते. रिपोर्टचं काम व्हर्च्युअल मशीनवर चालतं, म्हणजे संगणकाच्या आत मांडलेल्या दुसऱ्या संगणकावर. त्याची डिस्क फुगतच जाते. आतलं कितीही डिलीट करा, बाहेर जागा सुटत नाही. मग रिसायकल बिन रिकामा करायचा, मोकळ्या जागेत शून्यं भरायची आणि डिस्क आवळायची. शून्यं भरली की पुसलेलं परत मिळत नाही.

शुक्रवारी दुपारी सई झोपली. बिनमध्ये तीन फाइली होत्या. एकीवर नजर गेली: ‘बेबी ऑफ शीतल, चारकोप’. बारशाआधी बाळाची नोंद आईच्याच नावाने होते. मी बिन रिकामा केला. नव्वद जीबीची डिस्क चाळीसवर आली. बरं वाटलं.

सोमवारी जयाताईंचा फोन. “बिनमधल्या माझ्या फाइली कुठे गेल्या?”

“ताई, तो कचऱ्याचा डबा आहे.”

“म्हणून तर तिथे ठेवते ना. बाकी सगळीकडे लोक हात मारतात. कचऱ्यात कोण बघतंय?”

नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताचे रिपोर्ट होते ते. चांगले रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातात. वाईट असले की जयाताई बाजूला ठेवून स्वतः फोन करतात, आणि शुक्रवारी त्या रजेवर होत्या. बॅकअपमधून बिन मीच वगळला होता, जागा वाचावी म्हणून.

दोन घरांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये निघाले. शीतलचा नाही; तिचा नंबर-पत्ता फक्त त्या फाइलीत होता.

“थायरॉइड फारच कमी होतं गं, अशी बाळं सुस्त पडून असतात,” त्या म्हणाल्या. “रोजची एक गोळी, बस. पण उशीर झाला तर मेंदूची वाढ खुंटते.”

घरी जाऊन रक्त घेणाऱ्या शेवंतीला तिसरा मजला आणि दाराबाहेरची लाल सायकल आठवते, चारकोपचा कितवा सेक्टर ते आठवत नाही. आणि बाळाची आजी कौतुकाने म्हणाली होती, “रडतच नाही गं, इतकं गुणी.”

काल सईला घेऊन दोन सेक्टर फिरले. सई सगळ्या जिन्यांवर रडली.

ते बाळ आज एकोणीस दिवसांचं आहे. चारकोपला तुमच्या ओळखीत कोणी शीतल बाळंतीण असेल तर आजच जा. बाळ झोपलंय, उठवू नका, असं म्हणतील. उठवा. थायरॉइड पुन्हा तपासायला लावा.