माय महालक्ष्म्यांच्या चुलीले हात लावेना

जाम चौकात आमचं किराणा दुकान हाय, मांगं घर. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की आंबील, कढी, पुरण, सोळा भाज्या, सारं माय करते. पाळी आलेल्या बाईनं त्या सैपाकाले हात नाई लावाचा, हे आमच्याकडं अजून पक्कं हाय. मायची पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तवापासून चूल तिचीच.

मांगच्या वर्षी माह्यं लग्न झालं, रक्षा घरात आली. आन महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी माय म्हणते, "यंदा सैपाक रक्षा करन. मी बाजूनं सांगतो."

बाबा, म्हणजे वासुदेवराव, गिऱ्हाइकाशी गोड आन घरात तिखट. "काऊन वं? सून आली तं हात दुखाले लागले?"

मायनं झाडू उचलला आन अंगणात गेली.

"रुसली," बाबा मले म्हणे. "तुही बायको काही बोलली असन."

"मी कायले बोलू?" रक्षा आतून म्हणाली. "परवा तं त्यायनं मले नवी साडी देल्ली."

संध्याकाळी आर्वीहून यशोदा आत्या आली. बाबाची मोठी बहीण. पिशवी ठेवली नाई तं मायवर सुरू. "आनंदा, राणी झाली का तू? पोट्टी राबन आन तू पंख्याखाली?"

माय हासली. पण मी पाह्यलं, ती खोटं हासली.

मले मोटर दुरुस्त करता येते. कोणी शिकवलं नाई, व्हिडिओ पाहून शिकलो. तवा न्हाणीच्या टिनामांगं पाण्याची मोटर खोलून बसलो होतो. तेवढ्यात रक्षा आन माय भांडे घासाले आल्या. त्यायले मी दिसत नव्हतो.

"आई, सकाळपासून पाह्यते मी. तुमी देवाच्या खोलीत पाय नाई ठेवला. डब्बा मांगतला तं हातात नाई देल्ला, उंबरठ्यावर ठेवला. पाळी आली का?"

"हळू बोल वं! या वयात... लोकं हासन."

"कवापासून?"

"राखीपासून. थोडं थोडं लागते. जाते, परत येते. वाटलं, गरम पडलं असन काही."

"सांगतलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? गप राहून सैपाक केला असता तं कोणाले समजलं असतं? पण देवीपाशी खोटं कसं वागू?"

रक्षानं भांडं खाली ठेवलं. "आई, ही पाळी नोय. इतक्या वर्षांनं परत लागलं तं दाखवाच लागते. माह्या मावशीनं नाई दाखवलं."

"मंग?"

रक्षानं पदरानं डोळे पुसले.

माह्या हातातला पाना खाली पडला. आता लपून काय फायदा? "माय, उद्या समुद्रपूरले चाल."

"अरे देवा!" मायनं तोंडावर पदर घेतला. "तू काय ऐकून राह्यला रे? उद्या महालक्ष्म्या येते!"

"तू तशीही सैपाक नाई करत."

रक्षा हासली. माय पदरातल्या पदरात हासली, मंग रडली.

समुद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात रूपाली मॅडम होत्या. तपासून मले आत बोलावलं. मी जमिनीकडं पाहत उभा.

"वर पाहा," मॅडम म्हणाल्या. "पाळी बंद होऊन वर्ष उलटलं, की नंतर लागलेला एक डागही पाळी नसतो. बहुतेक वेळा साधंच निघतं. पण तपासल्याशिवाय कळत नाही."

मंग वर्धेले सोनोग्राफी. गर्भाच्या पिशवीचं अस्तर जाड दिसलं. तुकडा काढून तपासाले पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत बाबानं एकदाही टोमणा मारला नाई. एका गिऱ्हाइकाले साखर म्हणून मीठ बांधून देल्लं. मायले म्हणत, "तू बस, चहा मी ठेवतो." त्यो चहा कोणाच्यानं पेवल्या गेला नाई, पण मायनं पेला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण पेशी त्याच रस्त्याले लागल्या होत्या. "योग्य वेळी आलात," डॉक्टर म्हणाले. "पिशवी काढू. उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती." ऑपरेशन झालं. काढलेली पिशवी तपासली, तिच्यातही कॅन्सर नाई निघाला. माय घरी आली तवा बाबा दुकानाच्या शटरकडं तोंड करून रडले. आमाले वाटलं कुलूप लावून राह्यले.

मी रक्षाचे रोज आभार मानतो. ती म्हणते, पुरे आता. पण मायचेही मानाले पाह्यजे. तिच्यानं खोटं वागल्या गेलं नाई, म्हणून ते उघडं पडलं.

यंदा चूल परत मायकडं. पहिली पुरणपोळी देवीले, दुसरी सरळ रक्षाच्या ताटात. संध्याकाळी बाया हळदीकुंकवाले आल्या. माय कुंकू लावे आन वयानं मोठ्या बाईले विचारे, "तुही बंद झाली ना? मंग काही डाग तं नाई दिसत? दिसला तं लपवजो नोको."

"अवं, देवीसमोर काय विचारून राह्यली!" बाबा दुकानाकडं पळाले.

"देवी बाईच हाय ना?" मायनं मांगून ओरडून सांगतलं. "तिले समजते!"

बाया पोट धरधरून हासल्या. यशोदा आत्या नाई हासली. साऱ्या गेल्या तरी ती कुंकवाच्या ताटापाशीच बसून. मंग हळूच म्हणाली, "आनंदा, मले जरा बोलाचं होतं."

माय तिच्यापाशी बसली. हात कुंकवाचे, तशीच. दोघी हळू हळू बोलत राह्यल्या.

मंग मायनं मले हाक मारली.

"भूपेंद्र, उद्या आत्याले समुद्रपूरले घेऊन जाजो. आन सकाळीच निघजो, तिथं गर्दी राह्यते."